चंद्रपूरचा दगड

देवरे मॅडमच्या हातात भाकरी आली की आधी तिची आफ्रिका व्हायची, मग घास. डबा उघडायचा, बाजरीची भाकरी डाव्या तळहातावर घ्यायची, उजव्या हाताच्या नखानं तिच्यावर एक बाक काढायचा, आणि बघता बघता टेबलावर दोन तुकडे पडायचे. एक आफ्रिका, दुसरा दक्षिण अमेरिका. मग ते दोन्ही समोर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर धरून जुळवायचे आणि विचारायचं, "सांग, हे एकाच तव्यावरचं आहे की नाही?" समोरचा हो म्हणाला की दक्षिण अमेरिका ठेच्यात बुडायची.

मी नाशिकच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी ही परीक्षा झाली. मी नवा, नम्र आणि उपाशी होतो. "हो मॅडम, एकाच तव्यावरचं," म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कशावरून?"

"कडा जुळतात."

"कडा कुणाच्याही जुळतात. माझ्या आणि सासूच्या फोटोच्या कडा चोख जुळायच्या, म्हणून काय आमचं जमत होतं? आतलं बघायचं. करपल्याचा डाग इकडून तिकडे सलग गेलाय का बघायचं. तीळ दोन्हीकडे तेच आहेत का बघायचं. मग तोंड उघडायचं. विषय कोणता तुझा?"

"मराठी."

"म्हणजे कवी," त्या म्हणाल्या आणि आफ्रिकेचा अर्धा भाग मला दिला. मी आजवर एकही कविता केलेली नाही. पण त्या दिवसापासून शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मला कवी म्हणतात, आणि एका वार्षिक स्नेहसंमेलनात मला चक्क काव्यवाचनाला उभं केलं होतं.

शैलजा देवरे आमच्या भूगोल विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात त्या एकट्याच असल्यामुळे या पदाला आव्हान नव्हतं. माहेर सटाण्याकडचं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्‌स शूज. चष्म्याला दोरी. पर्समध्ये इतर बायका काय काय ठेवतात ते मला माहीत नाही, यांच्या पर्समध्ये हातोडी असायची. शुद्ध मराठीत शिकवायच्या, शुद्ध मराठीत भांडायच्या, पण राग किंवा दुःख फार वर आलं की अहिराणीवर उतरायच्या. तेव्हा आम्ही खुर्च्या मागे घ्यायचो.

त्यांची श्रद्धा एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे गोंडवन. कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपला भारत ही सगळी एकच सलग जमीन होती, एवढी ती साधी गोष्ट. उत्तरेकडचे शेजारी धरले तर एके काळी सगळ्या पृथ्वीचंच एक घर होतं, त्याला पँजिया म्हणतात. पण मॅडमचा जीव दक्षिणेकडच्या भावकीत. "एकत्र कुटुंब होतं," त्या वर्गात सांगायच्या. "मग वाटण्या झाल्या. जो तो आपापला तुकडा घेऊन निघाला. भारत तर असा सुटला की थेट आशियाच्या अंगावर जाऊन आदळला, म्हणून हिमालय झाला. या देशानं घाई केल्याचं इतिहासात एवढं एकच उदाहरण आहे."

आणि त्या एवढ्या मोठ्या जमिनीला जगातल्या विद्वानांनी नाव कुणाचं दिलं, तर आपल्या गोंडांचं. याचा त्यांना इतका अभिमान होता, की जणू नावाच्या बारशाला त्या स्वतः घुगऱ्या वाटत फिरल्या होत्या.

खंडं सरकतात ही कल्पना ज्या जर्मन माणसानं नीट मांडली, तो हवामानशास्त्रवाला. भूगर्भवाल्यांनी त्याला हसून घालवला. तो बर्फात मेला, आणि पुष्कळ वर्षांनी त्याचं म्हणणं खरं निघालं. हा भाग शिकवताना मॅडमचा आवाज दरवर्षी चढायचा. "खरं निघालं तेव्हा त्याला सांगायला कोण गेलं? कुणी नाही. मेलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायला वर्गात कुणीतरी असावं लागतं," म्हणायच्या. पोरं माना डोलवायची, कारण पुढचा प्रश्न त्यातूनच यायचा.

शिकवण्याची त्यांची रीत अंगाला लावून घेण्याची होती. खंडं किती वेगानं सरकतात? तर साधारण बोटाची नखं वाढतात त्या वेगानं. हे एवढंच सांगून त्या थांबल्या असत्या तर त्या देवरे मॅडम नव्हेत. त्या वर्गात फिरून एखाद्या मुलीचा हात उचलायच्या. नेलपॉलिश लावून दिवस झालेले असायचे, नखाच्या मुळाशी कोरी फट आलेली असायची. ती फट सगळ्या वर्गाला दाखवायच्या. "बघा. हिच्या मावसबहिणीच्या लग्नापासून भारत एवढा पुढे गेला." पुढे मुली मुद्दाम जुनं नेलपॉलिश ठेवून यायला लागल्या. मुलींच्या नखांकडे बघायचं अधिकृत कारण मिळाल्यामुळे मुलांचीही हजेरी वाढली.

आता या श्रद्धेत एक मोठी अडचण होती, आणि ती अडचण म्हणजे नाशिक. गोंडवनाचा पुरावा म्हणजे त्या काळच्या झाडांचे, प्राण्यांचे दगडात उमटलेले ठसे. ते पुरावे चंद्रपूर-नागपूरकडे कोळशाच्या थरांत सापडतात. आपल्याकडे काय? आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला आणि थरावर थर चढवून बसला. अंजनेरी घ्या, ब्रह्मगिरी घ्या, चांदवडचा घाट घ्या, सगळा काळा कातळ. मॅडम सहलीला पोरांना घाटात उभं करून पायाखाली बोट दाखवायच्या. "पुरावा असलाच तर इथंच खाली आहे. त्याच्यावर कुणीतरी लाव्हा ओतलाय. हे एकच प्रकरण असं आहे ज्यात मी सरकारला दोष देत नाही."

पण नाशिककर ऐकतो थोडाच. रस्त्याला खोदकाम झालं, विहिरीला पाणी लागलं, बंगल्याचा पाया घेतला, की कुणीतरी कापडात दगड गुंडाळून भूगोल विभागात हजर. कारण आपल्या या काळ्या दगडाची एक खोड आहे. त्याच्या चिरेत खनिजाचं पाणी शिरतं आणि सुकताना दगडावर अशी नाजूक नक्षी सोडतं, की बघणाऱ्याला वाटावं नेच्याचं पान चिकटलंय. त्याला डेंड्राइट म्हणतात. त्यात पानाचं काही नसतं, नुसता डाग. दगड आणणाऱ्याचा चेहरा मात्र नव्या बापासारखा असायचा. मॅडम चष्मा वर करायच्या, दगड उन्हात धरायच्या, आणि निकाल मात्र अहिराणीत द्यायच्या: "दगड शे. दुसरं काही नई."

एकदा एक नगरसेवक गाडीतून उतरून आले, मागे चार कार्यकर्ते आणि पुढे परडीत दगड. त्यांच्या प्लॉटवर सापडलेल्या पानाची बातमी पेपरात द्यायची होती, फोटोग्राफर बाहेर उभा होता. मॅडमनी दगड पाहिला. "दगड शे." नगरसेवक म्हणाले, "मॅडम, नीट बघा, शिरा दिसतात." मॅडम म्हणाल्या, "शिरा माझ्या पायावर पण दिसतात. म्हणून मी काय केळीचं पान आहे?" फोटोग्राफरनं तो फोटो काढला नाही याची मला आजही हळहळ वाटते. प्राचार्यांनी नंतर मॅडमना बोलावून समज दिली, की संस्थेला सगळ्यांची गरज असते. मॅडम म्हणाल्या, "असू दे. मी त्यांना खोटं प्रमाणपत्र दिलं असतं तर उद्या त्यांनी तिथं देऊळ बांधलं असतं, आणि परवा तिकीट लावलं असतं."

असा हा सगळा कडक कारभार. आणि त्या कारभाराच्या मधोमध, प्रयोगशाळेच्या कपाटात, मखमलीच्या तुकड्यावर, मॅडमचा स्वतःचा दगड.

तो तळहाताएवढा, काळसर, चकचकीत, सागवानी ठोकळ्यावर बसवलेला होता. त्यावर पान. हे पान ग्लॉसोप्टेरिसचं, म्हणजे गोंडवनातल्या त्या प्रसिद्ध झाडाचं. हेच झाड आफ्रिकेत सापडलं, ऑस्ट्रेलियात सापडलं, अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली सापडलं, आणि चंद्रपूरला सापडलं. झाड काही पोहत जात नाही. तेव्हा जमिनी एकत्र होत्या याचा हा पुरावा. भाकरीवरचे तीळ ते हेच. हा दगड मॅडमच्या नवऱ्यानं त्यांना चंद्रपूरहून आणून दिला होता.

देवरे साहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनियर होते. लग्न झालं त्याच वर्षी त्यांची चंद्रपूरला बदली झाली. नवी नवरी इथं, नवरा तिथं. पहिल्या सुट्टीला येताना काय आणू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा या बाईनं सांगितलं, कोळशाच्या खाणीतून पानाचा दगड आण. "लोकांचे नवरे पैठणी आणतात," मॅडम सांगायच्या. "आमच्या इंजिनियरनं दगड आणला. वर त्याला व्हार्निश मारलं. दिसेल त्या वस्तूला व्हार्निश मारायची त्याला सवय होती. मी थोडक्यात वाचले."

साहेब जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी लग्न करून ऑस्ट्रेलियात गेली होती. मॅडम विमानतळावर तिला निरोप देऊन आल्या तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही सगळे चेहरे लांब करून बसलो, तर ह्या म्हणाल्या, "लांब कुठे? एकाच घरातले आहोत आम्ही. मधल्या भिंती नंतरच्या." मग डबा उघडला, आणि त्या दिवशी भाकरीचं काहीच केलं नाही, तशीच झाकून ठेवली. घरी त्या एकट्या होत्या आणि कॉलेजात तो दगड होता. दर सोमवारी पदराच्या टोकानं त्याची धूळ पुसायच्या. आम्ही तेव्हा दुसरीकडे बघायचो.

आता मला जे सांगायचं आहे ते असं. त्या दगडावरचं पान पोरांच्या कित्येक तुकड्यांनी जर्नलमध्ये काढलं. पुस्तकात लिहिलंय, ग्लॉसोप्टेरिसचं पान जिभेसारखं असतं, मधोमध ठसठशीत शीर. मॅडमच्या दगडावर जे होतं ते फांद्या फुटलेलं होतं, आणि मधल्या शिरेचा पत्ता नव्हता. मॅडम म्हणायच्या, "शीर झिजलीय." आणि पोरं डोळ्यांनी नेचा बघून हातानं जीभ काढायची. कुणाला काही वाटायचं नाही. शिक्षण शिक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं?

एकाच मुलीनं दिसलं तसं काढलं होतं. यमुना भोये, हरसूलकडची. आईबाप डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवायचे, ही हॉस्टेलला राहायची आणि वर्गात कधी बोलायची नाही. तिच्या नेच्याच्या चित्राखाली मॅडमनी लाल पेनानं लिहिलं, "मधली शीर कुठे?" आणि एक मार्क कापला. यमुनानं मान खाली घातली, आणि पुढे जाऊन भूगर्भशास्त्र घेतलं. सूड म्हणून नव्हे, तिला मॅडम फार आवडायच्या.

मॅडमच्या निवृत्तीला महिनाभर राहिला असताना ती पेढे घेऊन आली. एमएस्सी झाली होती, वर्षभर चंद्रपूरकडच्या खाणींतून काम करून आली होती. मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी भाकरी मोडून तिच्या हातात पूर्ण आफ्रिका दिली.

"मग? बघितलंस का माझं पान तिकडे?"

"बघितलं, मॅडम. पुष्कळ बघितली."

"कशी होती?"

यमुना गप्प. मी पेढ्याचा कागद उलगडत होतो, तो तसाच राहिला. वर्गात उत्तर येत असून न बोलणाऱ्या पोराची शांतता मास्तर माणसाला लगेच ओळखता येते.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ती अशी नसतात."

"शीर झिजलीय याची."

"हो मॅडम." थोडं थांबून म्हणाली, "मॅडम, तो ठोकळा काढून खालून बघू का?"

ठोकळा कधीच कुणी काढला नव्हता. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, पर्समधून हातोडी काढली आणि एका ठोक्यात ठोकळा वेगळा केला. दगड उलटा केला. खालच्या बाजूला व्हार्निश पोचलं नव्हतं. काळा खडबडीत कातळ, आणि त्यात पांढरे मणी भरलेली बारीक बारीक भोकं. ते मणी नाशिकचं लहान पोरही ओळखेल. आपल्या प्रत्येक दगडखाणीत, प्रत्येक खडीच्या ढिगात ते असतात, आणि कोळशाच्या थरात ते असत नाहीत. तो आपला लाव्ह्याचा दगड होता आणि त्यावरचं पान म्हणजे डाग.

मॅडमनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाल्या, "हाऊ दगड शे." आणि पुढचं वाक्य म्हणाल्याच नाहीत.

यमुना रडायला लागली. मॅडम तिच्यावर खेकसल्या, "तू कशाला रडतेस? तुझा मी मार्क कापला होता ना? उलट मला शिव्या दे."

"एकच कापला होता, मॅडम."

"बघा. लक्षात आहे कार्टीच्या," मॅडम मला म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकून खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्या तासाला त्यांनी वर्ग घेतला नाही. असं कधी झालं नव्हतं.

एरवी हे प्रकरण इथंच मिटलं असतं. पण आमच्या संस्थेनं मॅडमच्या निवृत्तीनिमित्त एक काचपेटी करून घेतली होती. ग्रंथालयाच्या दारात ती बसवायची, त्यात मॅडमनी कॉलेजला भेट दिलेला हा दगड, खाली पितळी पाटी: "ग्लॉसोप्टेरिस. गोंडवन भूमीचा पुरावा. चंद्रपूर." अनावरण अध्यक्षांच्या हस्ते. पाटी कोरून आली होती, पत्रिका गेल्या होत्या, आणि जुने विद्यार्थी लासलगावपासून पुण्यापर्यंत सगळीकडून येणार होते.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या, सोबत मलाही नेलं. सगळं ऐकून प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तुम्ही निवृत्त होताय."

यावर मॅडम काय बोलल्या ते अहिराणीत होतं, आणि मी ते लिहिणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या स्टाफरूममध्ये बसलो. मी एक शहाणपणाची सूचना केली. म्हटलं, "यमुनाकडे खरं पान असेल. दगड बदलून टाकू. पाटी खरी होईल, कुणाला काही कळणार नाही."

"पुरावा बदलायचा? मराठीचाच तू," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "कवी, हे खोटं माझं असतं ना, तर मी आत्ता माइकवरून सांगून मोकळी झाले असते. हे त्याचं आहे. मी उद्या सगळ्यांसमोर सांगायचं, की माझा नवरा खोटं बोलला. आणि तो तिथं नसणार. त्या जर्मनासारखंच झालं. त्याच्या बाजूनं कोण बोलणार?"

मी त्यांना चहा आणून दिला. चहा गार झाला, त्यांनी तो तसाच प्यायला, आणि गेल्या.

निरोप समारंभाला हॉल खच्चून भरला होता. कपाळाला टिळे लावलेले, पोटं सुटलेले माजी विद्यार्थी, त्यांच्या बायका, एकदोघांची पोरं. नगरसेवकही आले होते, पहिल्या रांगेत होते. आधी अध्यक्ष बोलले, मग प्राचार्य बोलले, मग मला त्यांनी कविता वाचायला सांगितलं आणि मी घसा बसल्याचं कारण दिलं. मग मॅडम उठल्या. हातात दगड होता, ठोकळ्याविना, उलटा धरलेला.

"हा दगड मी तुम्हा सगळ्यांना दाखवला," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याची चित्रं काढलीत, मी मार्क दिले. हे पान नाही. हा डाग आहे. हा चंद्रपूरचा नाही, इथलाच आहे. जे तुम्ही डोळ्यांनी बघत होतात ते बरोबर होतं, आणि मी सांगत होते ते चूक. एका मुलीनं खरं काढलं होतं, तिचा मी मार्क कापला. तो मी आज परत देते. बाकीच्यांनी खोटी शीर काढून मार्क मिळवले, ते मी काढून घेत नाही. आता कुठे हिशेब करत बसू?"

हॉल हसला. नगरसेवक सगळ्यात जास्त हसले, आणि तो त्यांचा हक्क होता. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मात्र काचपेटीचा खर्च दिसायला लागला. मॅडम हसू थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.

"आता दुसरी गोष्ट. हा दगड माझ्या नवऱ्यानं चंद्रपूरचा म्हणून दिला. तो विसरला होता. गाडीतून नाशिकरोडला उतरला तेव्हा आठवलं असणार, की बायकोनं एकच गोष्ट मागितली होती. एकलहऱ्याला आमच्या घराच्या वाटेवर तेव्हा रस्त्याचं काम चालायचं, खडीचे आणि दगडांचे ढीग पडलेले असायचे. आता तुम्ही भूगोलवाले आहात, मला सांगा, अशा ढिगात पानाची नक्षी असलेला दगड किती वेळात सापडेल? मी आयुष्यभर शोधतेय, मला इतकी चांगली नक्षी सापडली नाही. चंद्रपूरला त्यानं कुणा ओळखीच्या माणसाला सांगितलं असतं, तर आयता मिळाला असता. त्याऐवजी हा माणूस प्रवासानं शिणलेला, बॅग बाजूला ठेवून, उन्हात एकेक दगड उलटत बसला. म्हणजे विसरण्याची शिक्षा त्यानं स्वतःच भोगली, आणि वर मला कळू नये म्हणून व्हार्निश मारून ठोकळ्यावर बसवला."

त्यांनी दगड सुलटा केला. "हा गोंडवनाचा पुरावा नाही. कशाचा आहे, ते माझं मी बघेन. काचपेटीत मात्र हा ठेवता येणार नाही. हा मी घरी नेतेय."

आणि त्या खाली बसल्या. टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला, कारण पुष्कळ जण डोळे पुसत होते. मीही पुसत होतो, आणि लपवत नव्हतो. अध्यक्षांनी मग ठरल्याप्रमाणे पडदा ओढला आणि रिकाम्या काचपेटीचं अनावरण केलं. सध्या त्या पेटीत आमच्या मुलींनी मिळवलेली कबड्डीची ढाल आहे. पाटी काढायला गेलं तर लाकूड निघतं, म्हणून ती तशीच आहे. नवीन पोरं ग्लॉसोप्टेरिस हा कबड्डीतला काहीतरी मान समजतात.

मे महिन्यात मॅडमचा फोन आला. मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या जायचं ठरलं होतं. "त्याआधी चंद्रपूरला जायचंय. यमुना येतेय. तू पण चल, बॅग उचलायला." मी म्हटलं, मॅडम, मे महिन्यात चंद्रपूरला माणूस जात नाही, तिथला माणूस बाहेर पळतो. त्या म्हणाल्या, "बर्फ बघायचाय."

बर्फ म्हणजे असं. गोंडवन जेव्हा सलग होतं तेव्हा ते दक्षिण ध्रुवाजवळ होतं, आणि आजचं चंद्रपूर बर्फाखाली होतं. ज्या गावच्या उन्हाची बातमी आपण दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो, ते गाव. बर्फाच्या लाद्या सरकताना त्यांच्या पोटातले दगड खालच्या कातळावर घासले आणि कातळावर ओरखडे उठले. ते ओरखडे अजून आहेत. मॅडमनी जन्मभर शिकवले, बघितले कधीच नव्हते. साहेबांची बदली तिथं होती तोवर नोकरी नवी, मग मुलगी लहान, मग ते राहूनच गेलं.

उजाडताना यमुनानं आम्हाला नदीकाठच्या एका चुनखडीच्या कातळापाशी नेलं. मला आधी काही दिसलं नाही. मग ऊन तिरपं पडलं आणि दिसलं. काथ्यानं जोर लावून घासलेल्या परातीसारखे, शेजारी शेजारी, सगळे एकाच दिशेला गेलेले ओरखडे. मॅडमनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी कातळावर गेल्या. खाली बसल्या. तळहात टेकवून एका ओरखड्यावरून बोट फिरवत नेलं, त्या टोकापर्यंत, मग परत या टोकापर्यंत.

"गार लागतंय का, मॅडम?" यमुनानं विचारलं.

"आत्ताच भाजायला लागलंय. पुरावा आहे, फ्रिज नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी पर्स उघडली. मला वाटलं हातोडी काढतायत. त्यांनी तो दगड काढला. आपला, नाशिकचा, व्हार्निश मारलेला. ओरखड्यांच्या मधोमध तो ठेवला आणि मांडी घालून त्याच्यासमोर बसल्या. यमुना काहीतरी विचारणार होती, मी तिला हातानं थांबवलं. कातळ तापत होता, लांब कुठेतरी खाणीतला भोंगा वाजला. मॅडमच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि त्या तो पुसत नव्हत्या.

अंगाला ऊन सोसेना तेव्हा त्या उठल्या. दगड उचलला, नेहमीसारखा पदराच्या टोकानं पुसला, पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता विचारा कुणीही. हा दगड चंद्रपूरहून आणलाय."

आणि बूट हातात घेऊन, तापलेल्या कातळावरून चटके बसत असल्यामुळे उड्या मारत, आमच्या दोघांच्या पुढे गाडीकडे निघाल्या.